सतरंजीवरची वीस मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, बालविभाग सुरू होऊन दोन वर्षं झाली. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता ‘गोष्टींचा तास’ असतो. दोन ते आठ वर्षांची पंचवीस-तीस मुलं येतात. पहिली दहा मिनिटं बरी जातात. मग लहान मुलं उठून पळतात, मोठी कंटाळतात आणि पालक मागे खुर्च्यांवर मोबाईल बघत बसतात. पुस्तकं कोणती घ्यावीत, गाणी घ्यावीत का, आणि मुलांना बसवावं कसं?

बसवू नका. अडीच वर्षांचं मूल तासभर एका जागी मुकाट बसलं तर घरचे आधी अंगाला हात लावून ताप बघतात. तुमच्या वर्णनात मुलांचं काही चुकलेलं दिसत नाही. कार्यक्रमाचं माप चुकलंय आणि पालकांची जागा चुकली आहे.

आपल्याकडे कथाकथन म्हटलं की व्यासपीठ, माईक, चढते-उतरते आवाज आणि समोर मांडी घालून बसलेली मुलं असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ती कला मोठी आहे, पण ती सात-आठ वर्षांपुढच्यांसाठी. त्याखालच्या मुलांबरोबर वाचनालयात जे करायचं, ते ओसरीवर बसून आजी करते त्याच्या जवळचं आहे. मांडीवर मूल, हातात हात, तीच चार गाणी, तीच गोष्ट. इथे त्यात पुस्तक येतं आणि आठ-दहा घरच्या मांड्या एका सतरंजीवर येतात, एवढाच फरक. मूल तुमच्याकडे आठवड्यातून अर्धा तास असतं. जागेपणीचे उरलेले सत्तर-ऐंशी तास घरी असतं. त्यामुळे तुम्ही शिकवताय ते मुलाला घेऊन आलेल्या माणसाला. त्याच्या तोंडी एक गाणं बसलं आणि ते सोमवारी आंघोळीच्या वेळी म्हटलं गेलं, की शनिवारचं काम झालं.

आधी गट फोडा. दोन वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या मुलाला एकच गोष्ट सांगता येत नाही. तीनच्या आतली एक तुकडी आणि तीन ते सहाची दुसरी, एवढं तरी कराच. पहिल्या तुकडीत आठ ते दहा मुलं, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस, वेळ वीस मिनिटं. दुसरीत पंधरापर्यंत मुलं, वेळ अर्धा तास. संध्याकाळचे पाच ही तीनच्या आतल्यांसाठी वाईट वेळ आहे. कोणी नुकतंच झोपेतून उठलेलं, कोणी झोपलंच नाही म्हणून किरकिरं, आणि सगळीच भुकेली. सकाळी साडेदहा उत्तम. नाश्ता झालेला असतो आणि दुपारची झोप अजून लांब असते. आईबाबा दोघं नोकरी करणारे असतील तर रविवार सकाळ. सात-आठ वर्षांची भावंडं सोबत येणारच. त्यांना हाकलू नका, काम द्या. रुमाल वाटणं, टोपली फिरवणं, पान उलटणं. काम मिळालेला मोठा भाऊ कार्यक्रम मोडत नाही, चालवतो.

जागेचं. मोठं सभागृह नको. बालविभागातला दहा बाय बाराचा कोपरा पुरतो. सतरंजीच्या दोन बाजूंना कपाटं आली तर आणखी चांगलं, पळायला कमी वाटा राहतात. तुमच्या पाठीमागे खिडकी नको. उजेड मागून आला की तुमचा चेहरा आणि पुस्तकाचं पान दोन्ही काळी दिसतात आणि मुलं खिडकीबाहेरची रिक्षा बघतात. खिडकी मुलांच्या पाठीमागे हवी. डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगात असेल तर अर्धे शब्द तोच खातो, दोनवर ठेवा. टेबलफॅन असेल तर तो पुस्तकाची पानं तुमच्याआधी उलटतो. पाण्याचा माठ नजरेआड हवा, कारण एकाला तहान लागली की बाराजणांना लागते. खाऊ ठेवायचाच असेल तर शेवटी, आणि कुरकुरीत पाकिटातला नको. माझं मत विचाराल तर ठेवूच नका. खाऊ असला की मुलं खाऊची वाट बघतात.

तुम्ही जमिनीवर बसू नका आणि खुर्चीवरही बसू नका. दहा-बारा इंच उंचीचा चौरंग किंवा मोडा घ्या. मग पुस्तक तुमच्या खांद्याशी धरलं की पुढच्या मुलाला मान मोडावी लागत नाही आणि मागच्यालाही दिसतं. मुलं अर्धगोलात, सगळ्यात लांबचं मूल तुमच्यापासून सहा-सात फुटांच्या आत. मोठी माणसं सतरंजीवर, मुलाच्या पाठीशी किंवा मुलाला मांडीत घेऊन. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी चार खुर्च्या ठेवा, पण त्या अर्धगोलाच्या टोकांना. मागे भिंतीशी ओळीने खुर्च्या मांडल्या की तिथे प्रेक्षक तयार होतात आणि प्रेक्षकाच्या हातात मोबाईल येतो. मोबाईल बंद ठेवा अशी पाटी लावून फारसा उपयोग होत नाही. दोन्ही हात गुंतवले की तो आपोआप खिशात जातो.

आता गाणी. घ्यावीत का, हा प्रश्नच नको. तीनच्या आतल्यांसाठी गाणी हाच मुख्य ऐवज आणि पुस्तक तोंडी लावायला. गाण्यात शब्दाचे तुकडे पडतात, ‘टु-णुक टु-णुक’, आणि पुढे अक्षरओळखीला लागणारं ध्वनीचं भान त्या तुकड्यांतून येतं. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी पालकांसाठी जो कार्यक्रम आखला, त्याच्या २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं आणि खेळणं अशी पाच कामं मोजून दिली आहेत. आपल्याकडे यातली तीन तर बाळाला न्हाऊ-माखू घालतानाच उरकतात, फक्त त्यांना कोणी कार्यक्रम म्हणत नाही.

नवीन गाणी रचण्याच्या किंवा यूट्यूबवरून आणण्याच्या फंदात पडू नका. तिथल्या गाण्यांचा वेग लहान मुलाच्या हातांच्या दुप्पट असतो. ओळ संपते तेव्हा मूल अजून पहिल्या टाळीवर असतं. घरोघरची बडबडगीतं घ्या. एक जवळून बघू. ‘करंगळी, मरंगळी, मधलं बोट, चाफेकळी’ हे बहुतेक आज्यांना येतं. मूल मांडीत, पाठ तुमच्या पोटाला. त्याचा हात तुमच्या डाव्या तळव्यावर उताणा. करंगळीपासून एकेक बोट चिमटीत धरून हलकं दाबायचं, खेचायचं नाही. ‘तळहात, मळहात’ला तळव्यावर अंगठा गोल फिरवायचा. मग ‘मनगट, कोपर, खांदा’ अशी दोन बोटं चालत वर जातात. इथे वेग कमी करायचा, कारण पुढे गळा आणि हनुवटी येते हे मुलाला ठाऊक असतं आणि ते आधीच खांदे आक्रसून हसायला लागतं. ‘भाताचं बोळकं’ म्हणजे तोंड, ‘वासाचं नळकं’ म्हणजे नाक, मग डोळे, मग कपाळ म्हणजे ‘देवाजीचा पाट’, आणि शेवटी डोक्यावर दहा बोटांनी ‘चिमण्यांचा किलबिलाट’. गावोगावी शब्द बदलतात. जिथे आहात तिथलेच घ्या. चाळीस सेकंदांच्या या खेळात अवयवांची नावं, क्रम, पुढे काय येणार याचा अंदाज आणि स्पर्श एवढं सगळं येतं. तुम्ही समोर बसून हे बाहुलीवर दाखवायचं, आणि पालकाने स्वतःच्या मुलावर करायचं. तुम्ही उठून दुसऱ्याच्या मुलाला गुदगुल्या करायला जाऊ नका. अर्धी मुलं बुजतात.

कोणतंही गाणं एकदा म्हणून सोडू नका, तीनदा म्हणा. पहिल्यांदा तुम्ही एकट्याने, सावकाश. दुसऱ्यांदा पालकांसह. तिसऱ्यांदा ओळीचा शेवटचा शब्द गिळा. ‘इथे इथे बस रे…’ आणि थांबा. बोट तळव्यावर टेकलेलंच राहू द्या. पहिल्या आठवड्यात कोणी ‘मोरा’ म्हणणार नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुठून तरी बारीक आवाज येतो. मग ‘भुर्रर्र’ला सगळ्यांचे हात एकदम वर.

सुराबद्दल दोन शब्द, कारण इथे बहुतेक जण चुकतात. मोठी माणसं आपल्या सोयीच्या पट्टीत, म्हणजे फार खाली गातात. लहान मुलाचा सोयीचा आवाका पेटीच्या मधल्या सप्तकात साधारण पांढरी दोन ते पांढरी सहा एवढाच असतो. त्याखाली ते गात नाही, पुटपुटतं. पुरुषाचा आवाज एक सप्तक खाली असल्यामुळे मुलांना तो उचलता येत नाही. अशा वेळी चाल सोडून नुसत्या ठेक्यात म्हणा. ‘आपडी थापडी, गुळाची पापडी’ला किंवा ‘अटक मटक, चवळी चटक’ला चालीची गरजच नाही. गळा चांगला नाही म्हणून लाजू नका. उलट फार सुरेल गाणारी बाई पुढे बसली की पालक ऐकत बसतात, म्हणत नाहीत.

आणि हातवारे उलटे करायचे. तुम्ही मुलांच्या समोर असता. ‘उजवा हात वर’ म्हणताना तुमचा डावा वर जायला हवा, तरच आरशासारखं दिसतं.

पुस्तकाकडे येऊ. निवडताना गोष्ट चांगली आहे का हे दुसरं बघा. आधी पुस्तक हातभर लांब धरून उभे राहा आणि सहकाऱ्याला सात फुटांवरून विचारा, चित्रात काय दिसतंय. आपल्याकडची बरीच गोड पुस्तकं इथे बाद होतात, कारण आकार वहीएवढा आणि चित्रं बारीक नक्षीची. ती वाईट नाहीत, ती मांडीवर वाचायची आहेत. घरी न्यायच्या टोपलीत ठेवा. सतरंजीसाठी ठळक आकृती, मोकळी पार्श्वभूमी, एका पानावर एकच घटना. दोनच्या आतल्यांना पानावर एक शब्द किंवा एक ओळ, पानं जाड पुठ्ठ्याची. दोन-तीन वर्षांच्यांना पानाला दहा-पंधरा शब्द. चार ते सहाला तीस-चाळीसपर्यंत चालतात, पण पान वाचायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागलं तर चित्र शिळं होतं.

मिळतील कुठे? नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स आणि चेन्नईचं तूलिका या चौघांच्या मराठी याद्या चाळल्या तर पहिली वीस पुस्तकं निघतात. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी चित्रपुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. श्रेय देऊन ती उतरवता, छापता, वाटता येतात. तिथली पहिल्या, म्हणजे वाचायला सगळ्यात सोप्या पातळीची पुस्तकं घ्या आणि ए-थ्री कागदावर रंगीत छापून वर सर्पिल बांधणी करून घ्या. झेरॉक्सवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवण्याचा मोह टाळा. अंधार केला की लहान मुलं घाबरतात किंवा प्रकाशझोतात हात नाचवायला धावतात, आणि मुख्य म्हणजे पडदा घरी नेता येत नाही, पुस्तक नेता येतं.

धरायचं कसं? एका हाताने, खालून, मधल्या शिवणीशी. अंगठा पुढे, चार बोटं मागे, म्हणजे चित्र झाकत नाही. दुसऱ्या हाताने पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. पुस्तक हलवत, सगळ्यांना फिरवून दाखवत वाचू नका. हलणारं चित्र कोणालाच नीट दिसत नाही. वाचा, थांबा, मग एकदाच डावीकडून उजवीकडे सावकाश वळवा. मजकूर आदल्या दिवशी दोनदा मोठ्याने वाचून जवळपास पाठ असायला हवा. डोळे पुस्तकात असले की मुलं निसटतात. मुखपृष्ठ दाखवून नाव, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव वाचा. पाच सेकंद लागतात, पण पुस्तक माणसं करतात हे कळायला दुसरी जागा नाही.

समजा एका पानावर खाट आहे, खाटेवर आजी घोरतेय, खाटेखालून शेपटीचं टोक दिसतंय आणि मजकूर एवढाच: ‘मनी कुठे गेली?’ इथे मजकूर वाचून लगेच पान उलटलं तर पान फुकट गेलं. वाचा आणि गप्प बसा. मनातल्या मनात पाच आकडे मोजा. ही पाच सेकंदं वाचणाऱ्याला तासासारखी वाटतात, पण दोन वर्षांच्या मुलाला शब्द शोधून तोंडापर्यंत आणायला तेवढा वेळ लागतोच. कोणीतरी बोट दाखवेल, कोणी ‘म्याँव’ म्हणेल. ‘हो, म्याँव. मनीची शेपटी. खाटेखाली लपलीय.’ मुलाने एक शब्द दिला, तुम्ही त्यात दोन-तीन घालून परत दिले. ‘म्याँव नाही, मांजर म्हण’ असं सुधारू नका; मुलाने बरोबर उत्तर दिलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली अमेरिकेत दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना एवढंच शिकवलं होतं: हो-नाहीचे प्रश्न कमी, ‘काय चाललंय?’ असे जास्त, आणि मुलाच्या उत्तरात भर घालणं. महिनाभरात त्या मुलांच्या बोलण्यात मोजता येण्याजोगा फरक पडला. पण गटात हे जपून. एका पुस्तकात दोन-तीन ठिकाणीच थांबा. प्रत्येक पानावर प्रश्न विचारला की गोष्ट मरते आणि तोंडी परीक्षा सुरू होते.

पालकांची याच ठिकाणी एक सवय आड येते. ‘सांग ना! सांग! घरी तर किती छान सांगतोस!’ हे ऐकलं की मूल आईच्या ओढणीत तोंड खुपसतं आणि त्या दिवसापुरतं संपतं. कार्यक्रम सुरू होतानाच हसून सांगून टाका: मुलांनी बोललंच पाहिजे असं नाही, पळालं तरी चालेल, बोलायचं ते मोठ्यांनी. पळणारं मूलही ऐकत असतं. कपाटाभोवती चार फेऱ्या मारून आलेलं मूल घरी गेल्यावर अख्खं गाणं म्हणून दाखवतं, हे पालकांना पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात ‘आमचा बसतच नाही हो’ म्हणून येणं बंद होतं.

भाषेचा एक पेच मराठीत हमखास येतो. पुस्तकात ‘त्याने पाहिले, तिने विचारले’ असतं. घरात मूल ‘त्यानं बघितलं’ ऐकतं. चारच्या आतल्यांसाठी सरळ बोलीत वाचा, अपराधी वाटून घेऊ नका. पाच-सहाच्यांना छापलंय तसं वाचा, कारण पुस्तकाची भाषा वेगळी असते हे कानाला कळायची ती वेळ आहे. अनुवादित पुस्तकात वाक्यं अडखळत असतील तर पेन्सिलीने आधीच दुरुस्त करून ठेवा. गावात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलत असतील तर गाणी त्याच बोलीतली हवीत. शहराच्या कडेच्या वस्तीत निम्म्या घरांत हिंदी किंवा तेलुगू असेल तर त्या घरच्या आईला तिचं एक गाणं शिकवायला सांगा आणि सगळ्यांनी ते म्हणा.

तीनच्या वरच्यांना पुस्तकाशिवायची गोष्टही द्या. आपल्या जुन्या गोष्टी यासाठीच घडल्यासारख्या आहेत, कारण त्यांत पालुपद आहे. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं; पाऊस येतो आणि ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ सुरू होतं. दार सगळ्या मुलांनी ठोठवायचं, सतरंजीवर मुठीने, तीनदाच. आतून पालकांनी उत्तर द्यायचं: ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालू दे.’ पुढच्या वेळी तीट, मग झोपवणं. मुलांना आणखी कामं सुचतात, पाचवर थांबा. शेवटाबद्दल विचारलं जातं, कारण काही घरांत कावळा तव्यावर भाजतो. तीनच्या आसपासच्यांना कावळ्याला चुलीशी शेकायला बसवून गोष्ट संपवावी, पाच-सहाच्यांना घरी सांगतात तशी सांगावी. त्यांना भाजलेल्या कावळ्याचं फार काही वाटत नाही, त्यांच्या आयांना वाटतं. भोपळ्यातल्या म्हातारीला ‘टुणुक’च्या उड्या असतात, त्या बसल्याबसल्या मारायच्या. टोपीवाल्या उंदराला ‘ढुम ढुम ढुमाक’ असतं, तिथे मांडीवर थाप. गोष्ट संपली की संपली. ‘मग या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न गिळून टाका. तात्पर्य विचारलं की मुलं पुढच्या वेळी गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात.

वीस मिनिटांची मांडणी साधारण अशी बसते. येताच नावांचं गाणं: प्रत्येक मुलाचं नाव टाळ्यांत फोडून, ‘रा-धा’, ‘वे-दां-गी’. दहा मुलांना दोन मिनिटं लागतात; पंधराच्या वर मुलं असतील तर दोन-दोन नावं जोडा, नाहीतर पहिलं मूल कंटाळतं. मग मांडीवरची दोन गाणी, प्रत्येकी तीनदा. मग लगेच पुस्तक, कारण लक्ष सगळ्यात चांगलं पाचव्या ते दहाव्या मिनिटाला असतं. बहुतेक ठिकाणी पुस्तक शेवटाला ठेवतात आणि तिथेच फसतात. पुस्तकानंतर उभं राहून एक गाणं, उड्यांचं. मग रुमाल किंवा खुळखुळे. मग एक शांत गाणं, आणि दर वेळी तेच निरोपाचं. तीन ते सहाच्या तुकडीत हाच सांगाडा, फक्त दोन पुस्तकं, पहिलं लांब आणि दुसरं छोटं, आणि शेवटी पाच मिनिटं जाड खडू व जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर गिरगिटणं. काय काढलं असं विचारू नका. ‘सांग याच्याबद्दल’ म्हणा.

दर आठवड्याला दहापैकी आठ गोष्टी त्याच ठेवा, दोनच बदला. आयोजकाला हे जड जातं. आपल्याला कंटाळा येतो, पालक काय म्हणतील असं वाटतं, म्हणून दर शनिवारी नवा विषय, नवी सजावट, नवी गाणी. मुलाला नवं कळायला दोन-तीन वेळा लागतात आणि ते त्यात सामील व्हायला लागतं तेव्हा आपण ते काढून टाकलेलं असतं. पुस्तकही निदान तीन आठवडे तेच ठेवा. बदल ऋतूने आपोआप होतो: जूनमध्ये ‘ये रे ये रे पावसा’, श्रावणात नागोबा, आश्विनात सतरंजीच्या मधोमध हत्तीचं चित्र ठेवून भोंडल्याचा फेर. सजावटीवर घालवलेला वेळ पुस्तक पाठ करण्यात घालवा.

रुमाल म्हणजे जुन्या शिफॉनच्या ओढणीचे एक फुटी चौकोन, कडा दुमडून शिवलेले. मोठ्यांनाही एकेक द्या. खुळखुळ्यासाठी २०० मिलिलिटरची पाण्याची बाटली, त्यात दोन चमचे तांदूळ. झाकण घट्ट लावून गोंदाने चिकटवायचं आणि वरून चिकटपट्टीचे दोन वेढे. दर वेळी वाटण्याआधी प्रत्येक झाकण पिळून बघा. तीनच्या आतल्या मुलांच्या हातात सव्वा इंचापेक्षा लहान काहीही जाता कामा नये: मणी, घुंगरू, सुटं बटण, चिंचोके, काही नाही. टाळ-झांजा नकोत, बंद खोलीत दहा जोड्या वाजल्या की तान्ही मुलं रडायला लागतात. वस्तू वाटणं सोपं, परत घेणं कठीण. हातातून काढून घेऊ नका. टोपली जमिनीवर ठेवा, ‘रुमाल चालला झोपायला’ असं काहीतरी ठेक्यात म्हणा आणि तुमचा रुमाल आधी टाका. एखादं मूल देत नसेल तर राहू द्या, दारातून बाहेर पडताना देतं.

मध्येच बिघडलं तर. एक मूल पुस्तकासमोर येऊन उभं राहतं: त्याला ओरडू नका, पालकाला खुणावू नका, ‘इकडे माझ्याजवळ’ म्हणून शेजारी घ्या आणि वाचत राहा. एखादं रडायला लागलं तर पालकाने बाहेर जाऊन शांत करून परत यावं. परत यायचं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते शरमून घरी जातात. सगळा गट एकदम सुटला तर पुस्तक अर्ध्यावर मिटा. ‘बाकीची पुढच्या वेळी’ म्हणा आणि उभं राहायचं गाणं घ्या. अर्धवट पुस्तकाने काही बिघडत नाही. रेटून पूर्ण केलेल्या पुस्तकाने बिघडतं. आवाज चढवू नका, उतरवा. कुजबुजून म्हटलेली ओळ ऐकायला मुलं पुढे सरकतात.

संपल्यावर लगेच दार उघडू नका. वीस-पंचवीस पुस्तकं, मुखपृष्ठ वर, सतरंजीवरच पसरा. कपाटात कणा दाखवत उभी असलेली पुस्तकं लहान मूल निवडू शकत नाही. आज वाचलेल्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असाव्यात, कारण तेच हवं असतं. बालविभागाची पुस्तकं घरी द्यायला अनेक वाचनालयं कचरतात, मुलं फाडतात म्हणून. फाडतातच. ते खर्चात धरा. फाटलेलं पान साध्या सेलोटेपने चिकटवू नका. ती पुढे पिवळी पडून कागद घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरा. मात्र बांधणीवाले खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे आणि ही पुस्तकं मुलं चावतात, तेव्हा बालविभागासाठी खळ बिनमोरचुदाची, ताजी शिजवलेली हवी.

पालकाच्या हातात जाताना एक चिठ्ठी द्या, पावपान आकाराची: आजच्या एका गाण्याचे शब्द आणि ते कधी म्हणायचं एवढंच. ‘बोटांचं गाणं: हात पुसताना.’ तीस सेकंदांचा आवाज व्हॉट्सअॅपवर टाकलात तर चाल विसरलेल्या बाबांची सोय होते. मुलांचे फोटो मात्र पालकांना विचारल्याशिवाय कोणत्याही गटावर नकोत.

एक वही ठेवा. तारीख, कोणत्या वयाची किती मुलं, किती मोठी माणसं, पुस्तक, गाणी, आणि शेवटच्या रकान्यात काय फसलं. अनुदानाच्या तपासणीला ही वही दाखवता येते, पण तिचा खरा उपयोग शेवटच्या रकान्याचा. दोन महिन्यांनी तो वाचला की कळतं, गडबड नेहमी एकाच जागी होते आणि तिथलं पुस्तक लांब आहे.

गट फोडल्यावर आणि वेळ बदलल्यावर पहिले काही आठवडे संख्या उतरेल. तीसवरून सहा होईल, एखाद्या पावसाळी शनिवारी तीन. समितीतले कोणी तरी ‘बंद करू या का’ म्हणतील. सहा आठवडे काही ठरवू नका, आणि तीनच मुलं आली तरी त्यांच्यासमोर ‘आज कोणीच नाही’ हा शब्द काढू नका. सतरंजीची एक घडी आत दुमडा, म्हणजे तीन मुलं मैदानात सांडल्यासारखी दिसत नाहीत, चौरंग फूटभर पुढे ओढा आणि नावांच्या गाण्याने सुरुवात करा.